नाण्यावरची टोपी

१ डिसेंबर १५२९ रोजी इंग्लंडातल्या बड्या मंडळींच्या सह्यांनिशी चव्वेचाळीस कलमांची एक यादी राजाकडे गेली. आरोपी होता कार्डिनल थॉमस वुल्झी. यॉर्कचा आर्चबिशप, चौदा वर्षं राज्याचा चान्सलर, आठव्या हेन्रीच्या नावाने सगळा कारभार हाकणारा आणि नुकताच मर्जीतून उतरलेला माणूस. सह्या करणाऱ्यांत नवा चान्सलर थॉमस मोरही होता. यादीत काय नाही? पोपने दिलेल्या अधिकारांच्या जोरावर राजाचे अधिकार पायदळी तुडवले. परदेशी लिहिताना राजाच्या बरोबरीने, किंबहुना आधी, स्वतःचं नाव घातलं. अंगात घाणेरडा रोग असताना राजाच्या कानाशी लागून कुजबुज केली. आणि शेवटाकडच्या एका कलमात असं की, या उद्दाम माणसाने यॉर्कला पाडलेल्या ग्रोट नाण्यांवर राजाच्या ढालीखाली आपली कार्डिनलची टोपी उमटवली. कोणा प्रजाजनाने असं धाडस केल्याचं यापूर्वी दिसलेलं नाही, हेही वर जोडलेलं.

माझी नोकरी हिशेबतपासणीत गेली. नगरपालिका, पंचायत समित्या, बाजार समित्या यांची दप्तरं उघडायची, बिलं मोजमापाशी ताडून पाहायची आणि आक्षेप लिहायचे. त्या सवयीमुळे चव्वेचाळीस कलमांत मला हे टोपीचं कलम सर्वांत चोख वाटतं. बाकीच्यांत राग पुष्कळ आणि पुरावा बेताचा. इथे वस्तू आहे, ठिकाण आहे, चिन्ह आहे, पूर्वीचा रिवाज काय होता तेही आहे. नाणं टेबलावर ठेवा, भिंग लावा, टोपी दिसते का पाहा. आक्षेप लिहावा तर असा.

पाचशे वर्षांपूर्वीची ही टोपी आज काढण्याचं कारण आपल्या प्रत्येक गल्लीच्या तोंडावर उभं आहे. रस्ता, गटार, बाक, कमान, व्यायामाची साधनं, स्मशानभूमीची शेड, ज्यावर कोणाचं नाव नाही अशी सार्वजनिक वस्तू आता शोधून काढावी लागते. यावर चिडलेले लोक म्हणतात, सार्वजनिक पैशाच्या कामावर कोणाचंच नाव नको. मला हे पटत नाही. नाव हवं. पण ते मिरवण्यासाठी हवं की धरण्यासाठी, हा खरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर मध्ययुगातल्या बिशपांनी पाडलेल्या चिमुकल्या नाण्यांनी फार नीट देऊन ठेवलं आहे.

धर्मगुरूने नाणी पाडायची हेच आपल्याला चमत्कारिक वाटतं. पण मध्ययुगीन युरोपात ते सर्रास चाले. इंग्लंडात राजाची पकड घट्ट होती, तरी कँटरबरी, यॉर्क आणि डरहॅम इथल्या धर्मपीठांच्या टांकसाळी शतकानुशतकं चालल्या. यांतलं डरहॅम सर्वांत निराळं. टाइन आणि टीझ या दोन नद्यांमधला हा मुलूख स्कॉटलंडच्या वाटेवरचा. तिथे राजाला खंबीर माणूस हवा होता. पण त्याच्या हाती न्यायदान, फौज, खजिना सगळं दिलं तर उद्या त्याचा मुलगा ते वतन म्हणून सांगणार. बिशपला वारस नसतो. तो मेला की जागा रिकामी आणि पुढच्या नेमणुकीत राजाचा शब्द चालतो. म्हणून डरहॅमच्या बिशपला जवळजवळ राजाएवढे अधिकार मिळाले, आणि त्यांत टांकसाळही आली. इंग्लंडात दोन राजे आहेत, एक मुकुट घालतो आणि दुसरा बिशपची उंच टोपी, असं १३००च्या सुमारास तिथल्या बिशपच्या कारभाऱ्यानेच म्हणून ठेवलं आहे.

पण दुसऱ्या राजाची ही मिजास नाण्यावर शोधायला जाल तर निराशा होईल. माझ्याकडे त्या काळातली डरहॅमची एक पेनी आहे. इंग्लंडात राहणाऱ्या भाचीने तिथल्या एका नाणेविक्रेत्याकडून आणून दिली. आपल्या आजच्या एक रुपयापेक्षा किंचित लहान, पत्र्यासारखी पातळ, दीड ग्रॅमलाही न भरणारी चांदी. दर्शनी बाजूला समोर पाहणारा मुकुटधारी राजा पहिला एडवर्ड. पाठीमागे कडेपर्यंत गेलेला लांब क्रूस, प्रत्येक कोनात तीन ठिपके, आणि भोवती डरहॅम शहराचं लॅटिन नाव. लंडनच्या पेनीतही हेच सगळं, फक्त शहर वेगळं. बिशप कुठे? राजाच्या मुकुटावर, जिथून अक्षरांची ओळ सुरू होते तिथे, टोकं दुभंगलेला एक बारीक क्रूस आहे. तो बिशप अँथनी बेकच्या कुलचिन्हातला. बेक हा १२८३ ते १३११ डरहॅमचा धनी, स्कॉटलंडच्या लढाईत स्वतःची फौज घेऊन उतरलेला गडी. एवढ्या माणसाला नाण्यावर मिळालेली जागा तिळाएवढी.

या तिळाचं काम काय ते बेक आणि राजाचं बिनसल्यावर कळतं. १३०० नंतर एडवर्डने दोनदा डरहॅमचे अधिकार जप्त केले आणि टांकसाळ आपल्या माणसांकडे दिली. त्या काळातल्या डरहॅमच्या पेनीवर दुभंगलेला क्रूस नाही, साधा क्रूस आहे. अधिकार परत मिळाले की बेकचं चिन्ह परत येतं. म्हणजे पेनी हातात घेऊन सांगता येतं की ती पाडली तेव्हा टांकसाळीचा जबाबदार कोण होता. आमच्या खात्यात पदभार देण्याघेण्याची तारीख नक्की नसली की पुढे सगळेच हात झटकतात. डरहॅममध्ये ती तारीख चांदीवर नोंदलेली आहे.

पुढच्या बिशपांनीही हा रिवाज पाळला. रिचर्ड केलॉने मागच्या क्रुसाचं एक टोक मेंढपाळाच्या काठीसारखं वळवलं, कारण आकडीची काठी ही बिशपची खूण. त्याच्यानंतरच्या लुई द ब्यूमाँने आपल्या घराण्याचे सिंह आणि लिलीची फुलं घातली. हा गृहस्थ दीक्षाविधीत लॅटिन शब्दांवर अडखळला, अशी तिथल्या बखरकाराची तक्रार आहे. मग आला रिचर्ड द बरी, ग्रंथवेडाबद्दल युरोपभर गाजलेला. त्याने क्रुसाच्या मध्यावर बारीकसा मुकुट घेतला. विद्वान असो वा अडाणी, खूण तेवढीच लहान. राजाचा चेहरा कोणी हलवला नाही, नाण्याचं वजन कोणी बदललं नाही.

ही खुणांची शिस्त आली कुठून? इंग्लंडात त्याआधी कित्येक पिढ्या प्रत्येक पेनीच्या मागे ती पाडणाऱ्या टांकसाळवाल्याचं नाव आणि गाव असे. अमुक, तमुक गावचा. राजाचं नाव पुढे, याचं मागे. हा मान नव्हता. नाणं हलकं किंवा हिणकस निघालं तर कोणाच्या दारात जायचं याचा तो पत्ता होता. ११२४ सालच्या अखेरीस पहिल्या हेन्रीच्या राज्यात नाणी इतकी खराब निघू लागली की राजाने नॉर्मंडीहून हुकूम धाडला. नाताळला साऱ्या देशातल्या टांकसाळवाल्यांना विंचेस्टरला बोलावण्यात आलं. बोलावणारा सॉल्सबरीचा बिशप रॉजर, म्हणजे इथेही धर्मगुरूच. एकेकाला आत नेऊन उजवा हात आणि पुरुषत्व छाटण्यात आलं. नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात काम उरकलं होतं. माझा कोणताही आक्षेप या टोकाला गेला नाही आणि जावा अशी इच्छाही नाही. पण नाण्यावर नाव कशासाठी होतं हे त्या नाताळाइतकं स्पष्ट कशानेच होत नाही.

१२७९ साली पहिल्या एडवर्डने नाण्यांची नवी घडी घातली तेव्हा व्यक्तींची नावं जवळजवळ सगळीकडून गेली आणि शहराचं नाव राहिलं. मग जबाबदारीचं काय? तिच्यासाठी दुसरी सोय झाली. पाडलेल्या नाण्यांतले नमुने पेटीत टाकायचे आणि ठरावीक काळाने पंचांसमोर त्यांचं वजन आणि कस तपासायचा. ही परीक्षा १२८२पासून रीतसर होऊ लागली आणि लंडनमध्ये आजही दरवर्षी होते. नमुनातपासणीवर ज्याचं पोट चाललं त्या माझ्यासारख्याला ती पेटी तीर्थासारखी वाटते. नाव काढलंत तर तपासणी ठेवा, तपासणी जमत नसेल तर नाव ठेवा. दोन्ही काढून टाकायची मुभा तेराव्या शतकातही कोणाला नव्हती.

आता वुल्झीकडे. धर्मपीठांच्या टांकसाळींना लहान नाणी पाडायची परवानगी होती: पेनी आणि फार तर अर्धा ग्रोट, म्हणजे दोन पेनी. चार पेनीचा पूर्ण ग्रोट हा राजाच्या टांकसाळीचा प्रांत. लहान नाण्यावर बिशपने आपली आद्याक्षरं किंवा खूण घालणं हे वुल्झीच्या काळापर्यंत अगदी रुळलं होतं. कँटरबरीच्या वॉरहॅमची अक्षरं अर्ध्या ग्रोटवर आहेत, यॉर्कच्या बेनब्रिजची आहेत. वुल्झीनेही अर्ध्या ग्रोटवर आणि डरहॅमच्या पेनीवर आपली अक्षरं आणि टोपी घातली, कारण काही वर्षं डरहॅमही त्याच्याच ताब्यात होतं. त्याबद्दल आरोपपत्रात अवाक्षर नाही. १५२६ साली नाण्यांची फेररचना झाली, ती वुल्झीच्याच हातून. आणि त्यानंतर यॉर्कला आर्चबिशपच्या टांकसाळीतून पूर्ण ग्रोट बाहेर पडले. ढालीच्या दोन बाजूंना थॉमस वुल्झीची आद्याक्षरं, खाली रुंद काठाची, गोंडे लोंबणारी टोपी. तोच माणूस, तीच टोपी. पण नाणं मोठं झालं आणि रिवाजाचा गुन्हा झाला. पुढे शेक्सपिअरच्या नावावर असलेल्या ‘हेन्री आठवा’ या नाटकातही हा टोपीचा आरोप वुल्झीच्या तोंडावर फेकला जातो, इतका तो लोकांच्या लक्षात राहिला.

इथवर गोष्ट सोपी आहे: मर्यादेतली खूण चालते, मर्यादेबाहेरची चालत नाही. पण दप्तर नीट वाचलं की दोन गोष्टी खटकतात.

पहिली, तारीख. नाणी १५२६ नंतरची, आरोप १५२९ अखेरचा. मधली तीनेक वर्षं ते ग्रोट बाजारात फिरत होते, सरदारांच्या थैल्यांत होते, राजाच्या खजिन्यात जात होते. कोणाला टोपी दिसली नाही. वुल्झीला राजाचा घटस्फोट मिळवून देता आला नाही, तो मर्जीतून उतरला, आणि एकाएकी सगळ्यांच्या डोळ्यांत तेज आलं. ही आपल्याकडचीही रीत. सत्तेवर असताना ज्याच्या पाटीखालून मुकाट जायचं, तो पडला की त्याच्या पाटीचं माप घ्यायचं. पाट्या बदलतात, रिवाज तसाच राहतो. माणसावर लिहिलेला आक्षेप त्या माणसाबरोबर संपतो. तो वस्तूवर आणि वेळेवर लिहिला तरच त्याचा नियम होतो.

दुसरी गोष्ट जास्त अडचणीची आहे. वुल्झीचे ते ग्रोट खोटे नव्हते. १५२६ साली वजन थोडं उतरवलं होतं, पण ते साऱ्या देशासाठी जाहीरपणे. चांदीचा कस साडेब्याण्णव टक्के, पूर्वीचाच राहिला. टोपीखालचा माल चोख होता. हिणकस माल पुढे आला आणि तो खुद्द राजाकडून. वुल्झी १५३० साली मेला. १५४४पासून आठव्या हेन्रीने युद्धाचा खर्च भागवण्यासाठी चांदीत तांबं मिसळायला सुरुवात केली. आधी पाऊण हिस्सा चांदी, मग निम्मी, शेवटी जेमतेम तिसरा हिस्सा. वरून चांदीची झळाळी देत. नाणी हाताळली जाऊ लागली तसा त्यांचा सर्वांत उंच भाग आधी झिजला, आणि समोर पाहणाऱ्या राजाचं नाकच त्या भागात येत होतं. लोकांनी त्याला ‘म्हातारा तांबडनाक्या’ असं नाव दिलं. पण त्याच्यावर चव्वेचाळीस कलमांची यादी कोणी केली नाही. करणार कोण?

म्हणजे ज्याला आपली खूण घालण्याचा अधिकार नव्हता त्याने पूर्ण चांदी दिली, आणि ज्याचा चेहरा हक्काने नाण्यावर होता त्याने लोकांना लुबाडलं. मला यातून नावाबद्दल एक नियम दिसतो. नाव बारीक असतं तेव्हा ते पत्ता असतं आणि त्याच्यावर कोणीतरी वरचा नजर ठेवून असतो. चेहरा पूर्ण नाण्याएवढा होतो तेव्हा वर कोणी उरलेलं नसतं. बेकच्या तिळाएवढ्या क्रुसामागे राजाची जप्ती उभी होती. हेन्रीच्या रुंद चेहऱ्यामागे कोणीच नव्हतं.

हे फक्त इंग्लंडचं शहाणपण नाही. माझ्या संग्रहात पेशवाईतला अंकुशी रुपया आहे, पुण्याच्या टांकसाळीचा. त्यावर नाव दिल्लीच्या शाह आलम बादशहाचं, अक्षरं फारसी, आणि कडेला लहानसा अंकुश. ज्यांच्या शब्दावर दिल्लीची गादी हलत होती त्यांनी स्वतःसाठी ठेवलेली खूण एवढीच. कारणं व्यवहाराची होती: बादशहाच्या नावाचा रुपया देशभर चालत होता, आणि अंकुश पाहून सराफाला कळत होतं की हा माल कोणाकडचा, त्याला बट्टा किती लावायचा. न्यायमूर्ती रानड्यांना मराठेशाहीतली नाणी आणि टांकसाळी यांवर स्वतंत्र निबंध लिहावासा वाटला तो उगाच नाही. राज्याची पत कशी चालते ते टांकसाळीत दिसतं.

आज आपल्या खिशातलं नाणंही हाच रिवाज पाळतं. साल छापलेलं असतं त्याच्या खाली पाहा. पत्त्यांतल्या चौकटीसारखी खूण असेल तर ते मुंबईच्या टांकसाळीचं, तारा असेल तर हैदराबादचं, गोल ठिपका असेल तर नोएडाचं, काहीच नसेल तर कोलकात्याचं. नोटेवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरची सही असते ती रक्कम देण्याच्या वचनाखाली असते. एक रुपयाच्या नोटेवर वित्त सचिवाची. सही करणाऱ्याचा फोटो नसतो. पैशाच्या बाबतीत आपण अजून तेराव्या शतकाइतके शहाणे आहोत. त्या पैशातून जे बांधतो तिथे हे शहाणपण संपतं.

एका गावी बसथांब्याच्या निवाऱ्याचं काम माझ्या तपासणीत आलं. वळवाच्या पहिल्याच पावसात छपराचे पत्रे उडाले होते, ग्रॅनाइटची कोनशिला मात्र खणखणीत उभी. तिच्यावर उद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख उपस्थिती, सभापती आणि झाडून सगळे सदस्य. पत्रे कोणी बसवले, मोजमाप कोणी घेतलं, काम पुरं झाल्याचा दाखला कोणी दिला, यातलं एक अक्षर नव्हतं. त्यासाठी मोजमाप पुस्तिका मागवली. ती ‘शोधून सादर करण्यात येईल’ या अनुपालनाखाली राहिली आणि माझी बदली झाली. शिलेचा खर्च कुठे घातला होता तो सापडला. ‘किरकोळ’ या सदरात होता. दुसऱ्या एका बागेत बाकांच्या पाठीवर दात्याच्या थाटात नाव रंगवलेलं. म्हातारी माणसं संध्याकाळी त्या नावाला टेकून बसत. बाक त्यांच्याच घरपट्टीतून आलेला होता.

अशा वेळी एक युक्तिवाद नेहमी ऐकवला जातो आणि तो फेकून देण्यासारखा नाही. लोकशाहीत मतदाराला कळायला नको का, काम कोणी आणलं? आमच्या वॉर्डात निधी ओढून आणण्यासाठी तो माणूस मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवतो, त्याचं नाव का नको? यात तथ्य आहे. खासदार निधी १९९३ साली सुरू झाला. त्याच्या मार्गदर्शक सूचनांतच कामाच्या जागी फलक लावायला सांगितलं आहे. त्यावर खर्च, तारखा आणि शिफारस करणाऱ्या खासदाराचं नाव असावं अशी अपेक्षा आहे. ही झाली अर्ध्या ग्रोटवरची खूण. रिवाजात बसणारी, माहिती देणारी. माझी हरकत त्याच्या शेजारी लागणाऱ्या पंधरा फुटी फ्लेक्सला आहे. त्यावर खर्चाचा आकडा नसतो, तारीख नसते, नमस्कार करणारे हात मात्र असतात. तो पूर्ण ग्रोट.

न्यायालयाने हे थोपवायचा प्रयत्न करून पाहिला. मे २०१५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सरकारी जाहिरातींत राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीश यांच्याशिवाय कोणाचे फोटो नकोत. राज्यांनी हरकत घेतली. केंद्रातला चालतो तर राज्यातला का नाही, हा त्यांचा मुद्दा संघराज्यात चुकीचाही म्हणता येणार नाही. मार्च २०१६मध्ये राज्यपाल, मुख्यमंत्री आणि संबंधित मंत्री यांनाही मुभा मिळाली. दहा महिन्यांत दार पुन्हा उघडलं. मला त्यात धडा दिसतो तो असा की ‘कोणाचा फोटो चालेल’ या वाटेने गेलं तर यादी वाढतच जाणार. प्रत्येक जण म्हणणार, त्याची टोपी चालते, मग माझी का नाही?

म्हणून मनाई मागण्यापेक्षा मी सक्ती मागतो. सार्वजनिक पैशातून झालेल्या प्रत्येक कामावर फलक हवाच, आणि त्यावर पुढच्या गोष्टी हव्यातच. काम नेमकं काय, लांबी-रुंदीसकट. खर्च किती आणि कोणत्या निधीतून. ठेकेदाराचं नाव. मोजमाप घेणाऱ्या आणि दाखला देणाऱ्या अभियंत्याचं नाव व पद. काम पुरं झाल्याची तारीख. आणि दोषदायित्व कालावधी कधी संपतो ती तारीख. म्हणजे तोवर काही उखडलं, गळलं, खचलं तर ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून द्यायचं. यानंतर लोकप्रतिनिधीचं नाव खुशाल घाला. अट एकच, सगळी अक्षरं एकाच आकाराची.

हे अशक्य नाही, कारण थोडंफार आपण करतोच. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या रस्त्यांवर खर्च, लांबी, ठेकेदार आणि पाच वर्षांच्या देखभालीची माहिती देणारे फलक लागतात. रंग उडालेले असतील, कुठे झुडपांत गेले असतील; पण ज्या गावात तो वाचता येतो तिथल्या सरपंचाला भांडायला कागद शोधावा लागत नाही. ‘पाच वर्षं झाली नाहीत अजून’ एवढं वाक्य पुरतं. जे गावरस्त्याला जमतं ते शहरातल्या गटाराला, शाळेच्या खोलीला, बागेतल्या बाकाला न जमायला काय झालं? ग्रामसभेत हा ठराव कोणीही मांडू शकतो. नगरपालिकेच्या निविदेत अटीचं एक वाक्य वाढवावं लागेल, पैसे जवळजवळ काहीच लागणार नाहीत. कोनशिलेचा ‘किरकोळ’ खर्च वाचेल तो वेगळा.

अभियंत्यांच्या बाजूने कुरकुर होईल ती मला आत्ताच ऐकू येते. नाव लावलं की लोक आमच्याच दारात येतील, निर्णय वरून होतात, आम्ही नुसत्या सह्या करतो. टांकसाळवालेही हेच म्हणाले असतील. पण ज्याची सही मोजमाप पुस्तिकेत आहे त्याचं नाव फलकावर आलं तर त्याला पहिल्यांदाच वरच्याला ‘नाही’ म्हणायचं कारण मिळेल: साहेब, नाव माझं लागणार आहे. चांगल्या अभियंत्याला ही ढाल आहे. त्याचं काम दहा वर्षं टिकलं तर गावाला तेही दिसेल, आणि आज त्याच्या वाट्याला न येणारी शाबासकी त्याला फुकट मिळेल.

लोकप्रतिनिधींसाठीही माझ्याकडे वाईट बातमी नाही. ज्यांना आपलं नाव कामावर हवं आहे त्यांनी ते दोषदायित्वाच्या तारखेला लागून, तिच्याच ओळीत घालून घ्यावं. या ओळीसाठी किती जण रांग लावतात, तेवढं पाहायला मी निवृत्त माणूस मोकळाच आहे.